एलईडी पट्टी बदलली तरी टीव्ही अंधुकच? आतल्या शीट बघा

प्रकाशवाट_भुसावळ

राम राम मंडळी,

भुसावळला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ऊन तापलं की बॅकलाइट गेलेले टीव्ही यायला लागतात. आवाज येतो, चित्र नाही. काचेवर तिरकी बॅटरी मारली की आत चित्र पुसट हलताना दिसतं. म्हणजे पॅनल ठणठणीत आहे, एलईडीची पट्टी गेली आहे. काम तसं सोपं. पण पट्टीपर्यंत पोचायचं तर पॅनल उचलावं लागतं, आणि पॅनलखाली पातळ प्लास्टिकच्या शीट निघतात. मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण आपल्याकडे त्यांची फार हेळसांड होते.

बाहेर एकदा उघडलेला टीव्ही पुन्हा उघडला की बघवत नाही. एखादी शीट गायब, एखादी उलटी, खालचा पांढरा रिफ्लेक्टर फाटलेला आणि त्यावर ड्रॉइंग पेपर चिकटवलेला. गिऱ्हाइकाला सांगितलेलं असतं, "लोकल पट्टी आहे, एवढाच उजेड पडणार." त्यानं कुरकुर केली की करंट वाढवून देतात. मग पट्टी तापते आणि पुढचा उन्हाळा काढत नाही. बोल लागतो पट्टीला, पण तिचा उजेड आतल्या आतच जिरत असतो.

मागून पुढे येऊ. सगळ्यात तळाला पांढरा रिफ्लेक्टर. त्याच्या भोकांतून वर आलेल्या एलईडी, प्रत्येकीवर चिकटवलेली लहान लेन्स. (पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर ही लेन्स निखळलेली असते.) त्यावर जाड दुधी प्लेट, तो डिफ्यूझर. त्यावर पातळ शीट: एक उजेड पसरवणारी, एक किंवा दोन प्रिझमच्या, आणि भारी मॉडेलमध्ये डीबीईएफ नावाची आणखी एक. मग पॅनल, ज्याच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणारी फिल्म) चिकटवलेला असतो.

प्रिझम शीट एकदा हातात घेऊन बघाच, टाकाऊ पॅनलमधली. तिच्यावर केसापेक्षा बारीक समांतर नांगरट असते, प्रत्येक सरीचं टोक ९० अंशांचं. नख आडवं फिरवलं तर करकरतं, सरीच्या दिशेने फिरवलं तर गुळगुळीत सरकतं. थोडं अंतर ठेवून तिच्यातून पेपर वाचायला गेलं तर एका ओळीच्या दोन होतात. तिचं काम असं की तिरका येणारा उजेड वळवून सरळ तुमच्याकडे पाठवायचा. आणि जो आधीच अगदी सरळ येतो, तो मात्र दोन्ही उतारांवर आपटून खाली परत जातो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. पण खाली गेलेला उजेड रिफ्लेक्टरवर आपटून, पसरून दुसऱ्या कोनातून पुन्हा वर येतो आणि तेव्हा निघून जातो. एका प्रिझम शीटने समोरून दिसणारा उजेड दीडपटीच्या आसपास जातो, दोन शीट एकमेकींना आडव्या ठेवल्या तर दुपटीच्या.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या भावांना कळकळीची विनंती: शीट निघतील त्याच क्रमाने, त्याच बाजूने ठेवा. कडेला कान असतात, त्यांच्या भोकांवरून सुलटी बाजू कळते. सरींची टोकं पॅनलकडे. हात धुवून, कोरडे करून, कडेला धरा. घामाचा एक ठसा राहिला तर तो रोज संध्याकाळी बातम्या बघताना दिसतो.

नवा_कारागीर

दादा, एक शंका. शीट म्हणजे शेवटी मध्ये आलेला अडथळाच ना? एक काढली तर उजेड वाढायला हवा. मी एकदा सगळ्या काढून नुसती दुधी प्लेट ठेवली तर खोली जास्त उजळल्यासारखी वाटली.

प्रकाशवाट_भुसावळ

खोली उजळली हे बरोबरच आहे. उजेड भिंतीकडे, छताकडे, जमिनीकडे गेला. बघणारा समोर बसतो, त्याच्या वाट्याला कमी आला. पॅनल बसवून समोरून बघा, बाजूला उभं राहून बघू नका.

पांझराकाठ

धुळ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विषय माझ्या आवडीचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आधी हिशोब मांडू. एलसीडी पॅनलचा मागचा पोलरायझर एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडतो, उरलेला गिळून टाकतो. म्हणजे दारातच निम्म्याहून जास्त गेला. पुढे लाल, हिरवा, निळा असे रंगांचे फिल्टर. प्रत्येक जण आपला रंग ठेवतो आणि बाकीचे दोन खातो, म्हणजे उरलेल्यातला साधारण एक तृतीयांश हाती लागतो. ट्रान्झिस्टर आणि तारांनी अडवलेली जागा वेगळी. शंभर भाग उजेड मागून निघाला तर डोळ्यापर्यंत पाच ते दहा पोचतात. पडदा उजळ करायचा तर मागचे दिवे वाढवण्यापेक्षा ही गळती थांबवण्यात शहाणपण आहे, आणि शीटची सगळी खटपट त्यासाठीच असते.

पोलरायझर हे काम १९३८ पासून जवळपास त्याच पद्धतीने करतो आहे. अमेरिकेतल्या एडविन लँडने पीव्हीए प्लास्टिक ताणून त्यात आयोडीन मुरवलं. रेणू एका दिशेने ओळीत लागले आणि त्या दिशेचा प्रकाश शोषला जाऊ लागला. आजही टीव्हीत बहुतेक तीच रीत आहे. अडचण 'शोषला जाण्यात' आहे. गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते, तो परत मिळत नाही.

डीबीईएफ इथे कामाला येते. ती नको त्या दिशेचा प्रकाश गिळत नाही, आरशासारखी परत पाठवते. परत गेलेला प्रकाश डिफ्यूझर आणि रिफ्लेक्टरमध्ये विखुरतो, त्याची दिशा विस्कटते, आणि वर येतो तेव्हा त्यातला बराचसा आता हव्या त्या दिशेचा असतो. तो सुटतो, उरलेला पुन्हा खाली. आमच्या पांझरा नदीवरच्या सिंचनाच्या फड पद्धतीत पाटाचं जादा पाणी असंच नदीत उतरतं आणि खालच्या बंधाऱ्यावर पुन्हा उचललं जातं.

पण अशा फेऱ्या व्हायच्या तर तळ चांगला हवा. ड्रॉइंग पेपरचं दुखणं नेमकं हेच. समजा प्रकाशाला सुटण्याआधी दहा वेळा तळावर आपटावं लागलं. दर वेळी ९८ टक्के परत फिरला तर शेवटी ८२ टक्के उरतो. दर वेळी ९० टक्केच फिरला तर उरतो ३५. डोळ्याला दोन्ही पांढरेच दिसतात, एका आपटण्यात फरक जाणवतही नाही, पण फेऱ्यांमध्ये तो वाढत जातो. वरच्या शीट जितक्या चांगल्या, तितका तळाचा दोष जास्त नडतो.

एमआयडीसी_जळगाव

सर, प्लास्टिक आमचा विषय, म्हणून विचारतो. आम्ही मल्चिंगची, म्हणजे वावरात अंथरायची फिल्म काढतो, वर चंदेरी, खाली काळी. तीन एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून ढकलणारी यंत्रं), एक डाय (ते बाहेर पडतं तो साचा), तीन थर. या डीबीईएफमध्ये शेकडो थर असतात असं वाचलं. शेकडो थरांसाठी डाय कशी करणार? आणि चंदेरी रंगासाठी आम्ही ॲल्युमिनियमचा मास्टरबॅच (रंगाचे दाट दाणे) टाकतो. यांच्यात धातू कुठला?

पांझराकाठ

धातू अजिबात नाही, यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. दोन पारदर्शक प्लास्टिक आलटून पालटून, बस. मूळ एक्स्ट्रूडरही दोनच पुरतात. दोन्ही वितळलेले प्रवाह डायच्या आधीच्या भागात, फीडब्लॉकमध्ये, पातळ पदरांत एकमेकांत घालतात. काही पद्धतींत तो सगळा प्रवाह उभा चिरून, दोन्ही भाग एकावर एक ठेवून पदर दुप्पट करतात, मग पुन्हा दुप्पट. डायमधून बाहेर येतो तो जाड पत्रा. तो गरम असताना ताणला की प्रत्येक थर पातळ होत होत १०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा. एका सीमेवरून परत फिरणारा प्रकाश अगदी थोडा असतो, पण शेकडो सीमांवरचे हे थोडे थोडे तरंग एका तालात मिळाले की पूर्ण आरसा होतो. मोरपिसातल्या रंगामागेही थरांची अशीच नियमित मांडणी आहे.

आता खरी गंमत ताणण्यात आहे. एक प्लास्टिक असतं पीईएन, बाटल्यांच्या पीईटीचं भावंड. त्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा अंक) न ताणता १.६४ च्या आसपास असतो. एका दिशेने ताणला की त्या दिशेने १.८५ च्या वर जातो आणि आडव्या दिशेने थोडा उतरतो. शेजारचं प्लास्टिक असं निवडतात की ताणूनही त्याचा अंक फारसा बदलू नये आणि पीईएनच्या आडव्या दिशेच्या अंकाशी जुळावा. मग आडव्या दिशेच्या प्रकाशाला थर दिसतच नाहीत, एकजीव काच असल्यासारखा तो पार जातो. ताणलेल्या दिशेच्या प्रकाशाला मात्र शेकडो सीमा दिसतात आणि तो परत फिरतो. एकच शीट एका प्रकाशाला खिडकी आणि दुसऱ्याला आरसा!

बहुथर प्लास्टिकमधल्या रंगछटांवर डाऊ केमिकल कंपनीच्या आल्फ्रे आणि श्रेंक यांनी १९६० च्या दशकातच काम केलं होतं. थ्रीएम कंपनीच्या वेबर, औडरकर्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'सायन्स'मध्ये दाखवलेली गोष्ट पुढची होती. दोन्ही प्लास्टिकचे जाडीच्या दिशेचे अपवर्तनांकही जुळवले तर तिरक्या कोनातही आरसा कमजोर पडत नाही. एरवी अशा आरशात ठरावीक तिरक्या कोनाला एका दिशेचा प्रकाश निसटतो. टीव्हीच्या आत प्रकाश सगळ्या कोनांतून येतो, त्यामुळे ही गोष्ट फार मोलाची ठरली.

एमआयडीसी_जळगाव

वा सर. म्हणजे अवघड काय असेल ते मला आता कळतंय. आमच्याकडे जाडी पाच टक्के इकडे-तिकडे झाली तर वावरात कुणाला कळत नाही. इथे जाडी बदलली की परत फिरणारा रंगच बदलणार. आणि नीट न वितळलेल्या प्लास्टिकचा, जेलचा, एक बारीक दाणा आला की तिथे सगळे थर वाकणार. साच्यापेक्षा स्वच्छता आणि तापमान सांभाळणं महाग पडत असेल.

पांझराकाठ

नेमकं. पूर्ण दृश्य पट्टा पकडायला थरांची जाडी मुद्दाम हळूहळू बदलत न्यावी लागते, निळ्यासाठी पातळ, लालसाठी जाड. तो उतार सगळ्या रुंदीभर सारखा ठेवायचा. शेकडो थर निघाले तरी ते एका शिस्तीत ठेवणं हीच त्या धंद्याची विद्या.

तापीकाठ_चोपडा

भाऊ, हाई बठ्ठं समजनं, पन मना मोबाईलनं काय? उन्हमा काहीच दिखस नही!

केळीचा भाव बघायचा, ठिबकचा वॉल्व्ह ॲपवरून सोडायचा, सगळं बांधावर उभं राहून. ब्राइटनेस पूर्ण वाढवला तरी काळा आरसा. जास्त निट्सवाला, म्हणजे जास्त उजळ पडद्याचा मोबाईल घ्यावा का? आणि स्क्रीन गार्ड कोणता लावावा? दुकानदार मॅट गार्ड घ्या म्हणतो.

शहादा_मोबाईल

दादा, याचं उत्तर मी देते, रोज हेच गिऱ्हाईक असतं.

तुमचा पडदा अंधुक नाही, त्याच्यावरचं प्रतिबिंब जास्त तेजस्वी आहे. आकडे बघा. दुपारच्या उन्हात १,००,००० लक्सच्या (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड पडतो. अंगात पांढरा सदरा असेल आणि तो ८० टक्के उजेड परत फेकत असेल, तर सदऱ्याची तेजस्विता २५,००० निट्सच्या घरात जाते. साधी काच समोरच्या वस्तूचा ४ टक्के उजेड परत फिरवते. म्हणजे पडद्यावर १,००० निट्सचा सदरा उमटतो, आणि मोबाईल स्वतः देतो ५००. अक्षरं सदऱ्याखाली बुडतात. म्हणून आधी फुकटातला उपाय: पडद्यात काय उमटतंय ते बघा आणि तिथे काळपट काहीतरी येईल असा मोबाईल वळवा. केळीच्या बागेची सावलीकडची बाजू उत्तम.

आता थरांची गोष्ट. ४ टक्के हे एका पृष्ठभागाचं. काच आणि हवा जिथे जिथे भेटतात तिथे दर वेळी ४ टक्के. चांगल्या मोबाईलमध्ये वरची काच आणि डिस्प्ले यांच्यात ओसीए नावाचा पारदर्शक गोंद पूर्ण भरलेला असतो, मध्ये हवाच नसते. स्वस्तातला फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा तयार जोड) टाकला किंवा काच बदलताना फक्त कडेने गोंद लावला तर मध्ये हवेची पोकळी राहते. दोन पृष्ठभाग वाढले, ४ टक्क्यांचे १२ झाले. डिस्प्ले बदलल्यापासून उन्हात दिसत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच तपासते. कडेला गोंद आणि मध्ये बारीक ठिपक्यांची जाळी असलेले टेम्पर गार्डही हेच करतात. गार्ड घ्यायचाच तर पूर्ण चिकटणारा घ्या.

मॅट गार्डबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शेतासाठी नको. खोलीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तो पसरवून पुसट करतो, तिथे चांगला. पण थेट उन्हात तोच पसरलेला उजेड पूर्ण पडद्यावर पांढरी साय धरतो, वळवूनही जात नाही. साध्या काचेत निदान मोबाईल फिरवून सुटका होते.

खरा उपाय परावर्तनविरोधी लेप, चष्म्यावर एआरसी असतो तोच. काचेवर कमी अपवर्तनांकाचा, म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइडसारखा १.३८ चा, १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला की वरून आणि खालून परतणारे तरंग एकमेकांना मारतात. ४ टक्क्यांचे सव्वाच्या आसपास येतात. तीन-चार थर दिले तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाता येतं. हा लेप १९३५ साली जर्मनीच्या झाइस कंपनीत स्माकुलाने केला, तेव्हा कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी. मोबाईलच्या काचेवर तो टिकवणं कठीण होतं, ओरखडे पडतात. २०२४ च्या सॅमसंग एस२४ अल्ट्राची काच याच कारणाने गाजली, परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी असा कंपनीचा दावा. मात्र अशा काचेवर साधा टेम्पर लावला की आतला लेप वाया, कारण आता हवेला भिडतो तो टेम्पर.

तापीकाठ_चोपडा

ताई, सदऱ्याचं आत्ताच बांधावर करून पाहिलं. टोपी, सदरा दोन्ही पांढरं. निळा पंचा छातीवर आडवा धरला तर भाव वाचता आला! मनापासून आभार. एक राहिलं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला जुना मोबाईल मध्यभागी काळा पडला आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट झाला. तो आतल्या फिल्मचा दोष का?

पांझराकाठ

फिल्मचा नाही, एलसीडी पॅनलमधल्या द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टल). ठरावीक तापमानाच्या वर त्याच्या रेणूंची रांग मोडते आणि ते साध्या द्रवासारखे होतात. मग ते प्रकाशाची दिशा वळवू शकत नाहीत, पडदा तेवढ्यापुरता काळा. थंड झाला की रांग पुन्हा लागते. पण अशा उष्णतेत पोलरायझर मात्र कायमचा खराब होऊ शकतो. पिवळा पडतो, त्याला फोड येतात. जुन्या डिस्प्लेत पोलरायझरच्या बाहेरचं सेल्युलोज ट्रायअॅसिटेट नावाचं प्लास्टिक कुजलं की व्हिनेगरसारखा वास येतो. जुन्या सिनेमाच्या रिळांना येतो तोच, कारण पदार्थ तोच. बॉनेटवर ठेवू नका.

सातपुडा_शाळा

तळोद्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उन्हाचा पोलराइज्ड गॉगल घातला की वर्गातला टीव्ही मान तिरकी केल्यावर काळा होतो, मुलांना याचं फार नवल वाटतं. सरांच्या वरच्या खुलाशाने कारण कळलं, उद्या वर्गात हेच दाखवते. पण मुलांपैकी एकाच्या घरच्या नव्या मोबाईलवर काळा होत नाही म्हणे. असं का?

शहादा_मोबाईल

ताई, तो ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा पडदा) असण्याची शक्यता जास्त. त्यात बॅकलाइट नाही, प्रिझम नाही, डीबीईएफ नाही. पण मागे धातूचा चकचकीत थर असतो, तो उन्हात आरसा होऊ नये म्हणून पुढे पोलरायझर आणि त्याखाली पाव तरंगाची फिल्म लावतात. बाहेरून आत गेलेला उजेड धातूवर आपटून परत येईपर्यंत त्याची दिशा ९० अंशांनी वळलेली असते आणि तोच पोलरायझर त्याला गिळतो. गॉगलमधून दिसावा म्हणून बरेच जण सगळ्यात वर आणखी एक फिल्म देतात. किंमत अशी की हा पोलरायझर पडद्याचा स्वतःचा उजेडही निम्म्याहून जास्त खातो. म्हणून २०२१ मध्ये सॅमसंगने झेड फोल्ड३ च्या पॅनलमधून तो काढून रंगांचे फिल्टर पुढे आणले.

नवा_कारागीर

प्रकाशवाट दादा, काल एक क्यूएलईडी उघडला. शीटमध्ये एक पिवळट-केशरी निघाली. ती उन्हाने पिवळी पडली म्हणून बाजूला ठेवली, तर चित्र निळंशार आलं. घाबरून टीव्ही बंद केला आणि इथे लिहितोय.

प्रकाशवाट_भुसावळ

घाबरू नका, शीट परत ठेवा. ती क्वांटम डॉटची फिल्म आहे, तिचा रंग मुळातच तसा. त्या टीव्हीत एलईडी निळ्या असतात. फिल्ममधले नॅनोमीटर मापाचे कण निळ्यातून लाल आणि हिरवा बनवतात, आणि तिन्ही मिळून पांढरा होतो. (या कणांवरच्या कामाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह.) दोन गोष्टी पाळा. पट्टी बदलताना निळीच टाका, पांढरी टाकली तर रंग कधीच जुळणार नाहीत. आणि फिल्म कापू नका. हे कण ऑक्सिजन आणि ओलाव्याने मरतात, म्हणून दोन्ही बाजूंना अडथळ्याची फिल्म असते. कापलेल्या कडेतून हवा शिरते आणि कडेने निळी पट्टी उमटायला लागते.

नवा_कारागीर

ठेवली, रंग आले. दुसरा एक ३२ इंची आहे, रिफ्लेक्टर पार फाटलाय. नवीन कुठे मिळेल?

प्रकाशवाट_भुसावळ

फुटक्या पॅनलच्या टीव्हीतून. पॅनल फुटलं की लोक सगळंच भंगारात देतात, पण आतला रिफ्लेक्टर, डिफ्यूझर, प्रिझम धडधाकट असतात. मी त्या मापाप्रमाणे सपाट, मध्ये कागद घालून ठेवतो. गुंडाळून ठेवलं तर बाक राहतो. मोठ्या टीव्हीची डीबीईएफ कापून लहानाला बसवणार असाल तर फिरवू नका, लांबीची दिशा लांबीलाच ठेवा, ९० अंश फिरली तर पडदा अंधारा. ओळखायला पोलराइज्ड गॉगल: त्यातून शीट बघत गोल फिरवली आणि ती उजळ-काळी झाली तर डीबीईएफ.

३२ इंची रिफ्लेक्टर माझ्याकडे आहे. एलईडीच्या भोकांची जागा जुळायला हवी, म्हणून तुमच्या पट्टीचा स्केल ठेवून फोटो टाका. जुळला तर जळगावच्या गाडीने पाठवतो.

नवा_कारागीर

फोटो टाकला दादा. दोन पट्ट्या आहेत, एकीवर सहा एलईडी.

प्रकाशवाट_भुसावळ

जुळतो. उद्या सकाळी पाठवतो, पुठ्ठ्यात सपाट बांधून. उघडताना कात्री खोल घालू नका.